हात मांडीखाली ठेवून खेळा

बुद्धिबळ मी चाळिशी उलटल्यावर शिकलो आणि पहिलं वर्ष नुसतं हरत होतो. उपाय म्हणून ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळींचे, व्हिडिओ बघत सुटलो. सिसिलियन नावाच्या ओपनिंगचे फाटे पाठ झाले, तरी बाराव्या खेळीला हत्ती देऊन मोकळा! शेवटी एक वही केली. हरलेल्या प्रत्येक डावाची एकच ओळ लिहायची, कशामुळे हरलो त्याची. पानं भरली, पण कारण काही बदलेना. ‘उंट दिसलाच नाही.’ ‘घोडा बिनजोर (दुसऱ्या मोहऱ्याचा आधार नसलेला) होता.’ ‘त्याने काय खेळलं ते पाहिलंच नाही.’ ओपनिंगचं नाव एकदाही नाही.

म्हणून आधी ही सवय लावा. समोरच्याने मोहरा हलवला की नव्या घरातून तो काय मारू शकतो ते बघा. तो हलल्यामुळे मागच्या कुणाची वाट मोकळी झाली का, हेही बघा. इथेच सगळे फसतात. मग आपली खेळी मनात ठरवा, पण हात मांडीखालीच. ही खेळी केली तर त्याच्याकडे कोणता शह आहे, काय मारता येईल? एवढं पाहून झालं की मोहऱ्याला हात लावा.

एक उदाहरण घ्या. (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे पांढऱ्याकडून मोजलेली आडवी रांग.) पांढऱ्याचं प्यादं ई४वर, आपलं ई५वर, आणि त्याचा वजीर तडक एच५वर. मी घाबरून त्याला हुसकायला जी६ खेळायचो. वजीर ई५चं प्यादं मारून शह द्यायचा आणि पुढच्या खेळीला कोपऱ्यातला हत्ती खायचा. वजिराची नजर कुठे आहे ते मी पाहिलंच नव्हतं. घोडा सी६वर काढा, ई५ला जोर मिळतो. मग उंट सी४वर आला की एफ७वर दोघांचा डोळा. आता दुसरा घोडा एफ६वर काढलात तर थेट मात. जी६ची वेळ आत्ता आहे. वजीर एफ३वर सरकला की घोडा एफ६वर. हल्ला संपला, त्याचा वजीर नुसता हिंडला, आपले दोन्ही घोडे बाहेर आले.

ओपनिंग म्हणून मधली प्यादी, घोडे-उंट बाहेर, लवकर कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र खेळी, राजा सुरक्षित करायला), इतकं पुरे. पाच मिनिटांचे डाव काही महिने सोडा. १५ मिनिटं आणि खेळीमागे १० सेकंद जादा असा वेळ घ्या. कोडी सोपीच सोडवा, पण पूर्ण उत्तर मनात दिसेपर्यंत पटाला हात नाही.

जिंकत आलेला डावही हातचा जातो. एकट्या राजाविरुद्ध माझ्याकडे वजीर होता, त्या राजाला कोपऱ्यात कोंडला आणि स्टेलमेट! म्हणजे शह नाही, पण त्याला खेळीही उरली नाही, डाव बरोबरीत. युक्ती अशी : वजीर त्याच्या राजापासून घोड्याच्या उडीइतक्या अंतरावर ठेवत राजाला कडेकडे ढकलायचं. तो अगदी कोपऱ्यात शिरला की मात्र ती उडी मारायची नाही, तिथेच स्टेलमेट होतं. राजाला कडेच्या दोन घरांत येरझाऱ्या घालू द्यायच्या आणि आपला राजा चालत जवळ आणायचा.

हरलेला डाव इंजिनला (बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रामला) दाखवण्याआधी स्वतः एकदा मांडून बघा आणि वहीत ओळ लिहा. माझ्या वहीत हल्ली नवीनच तक्रार दिसते : ‘विचार करता करता वेळ संपला.’