गेमिंग पीसीसाठी किती वॅटचा पॉवर सप्लाय घ्यायचा? बेरजेच्या पुढची गोष्ट

"किती वॅटचा सप्लाय घेऊ?" असं विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, "साडेसातशेचा घे, सगळं चालतं." दुसरं, "कॅल्क्युलेटरमध्ये पार्ट भर, तो सांगेल तेवढा घे." पहिल्यात विचारच नाही. दुसऱ्यात आहे, पण अर्धा. मी बरीच वर्षं पीसी जुळवतोय, स्वतःसाठी आणि मित्रमंडळींसाठी. गेम खेळता खेळता बंद पडतो म्हणून माझ्यापुढे आलेल्या कितीतरी पीसींमध्ये वॅटची बेरीज अगदी बरोबर होती. बेरजेनंतर जे बघायचं असतं, ते कुणी बघितलं नव्हतं.

पार्ट कोणते घ्यायचे हे तुमचं ठरलंय असं धरतो. सप्लाय सगळ्यात शेवटी निवडायचा.

पायरी १: ग्राफिक्स कार्डाचा आकडा काढा

कार्डाच्या माहितीत 'टोटल ग्राफिक्स पॉवर' किंवा 'टोटल बोर्ड पॉवर' असं लिहिलेलं असतं, तो आकडा घ्या. आरटीएक्स ४०६० चा ११५ वॅट, ४०७० सुपरचा २२०, आरएक्स ७९०० एक्सटीएक्सचा ३५५, आरटीएक्स ४०९० चा ४५०, ५०९० चा ५७५. कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक होऊन (म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगावर लावून) आलेलं कार्ड असेल तर त्याच मॉडेलच्या पानावरचा आकडा बघा, तो जास्त असू शकतो.

पायरी २: प्रोसेसरचा खरा आकडा काढा

इथे टीडीपी, म्हणजे प्रोसेसरच्या माहितीत दिलेला वॅटचा आकडा, बघून मोकळे होऊ नका. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के वर १२५ वॅट लिहिलेले असतात, पण टर्बोत (जोर लागला की वेग वाढवतो तेव्हा) त्याची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे, म्हणजे दुप्पट. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ सॉकेटच्या डेस्कटॉप प्रोसेसरना टीडीपीच्या साधारण १.३५ पट घेण्याची मुभा असते: ६५ वाल्याला ८८, १०५ वाल्याला १४२, १२० वाल्याला १६२, १७० वाल्याला २३०.

गेममध्ये प्रोसेसर इतका खात नाही, हे खरं आहे. तरी मी कमाल आकडाच धरतो. गेमबरोबर स्ट्रीमिंग किंवा रेकॉर्डिंग सुरू केलं की हिशोब बदलतो, आणि बरेच मदरबोर्ड प्रोसेसरवरची मर्यादा मुळातच सैल ठेवून येतात.

पायरी ३: बाकी सगळं

मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, लाइटा: सगळ्यांचे मिळून ७५ वॅट धरा आणि पुढे चला.

पायरी ४: उसळी, म्हणजे खरी मेख

इथे मी स्वतः फसलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझ्या पीसीत ३२० वॅटचं कार्ड होतं, प्रोसेसर जास्तीत जास्त १४२ वॅट घेणारा, आणि वरचे ७५. बेरीज ५३७. सप्लाय ६५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा, गोल्ड दर्जाचा (हा दर्जा काय ते पायरी ६ मध्ये). शंभरावर वॅट शिल्लक. कुठलाही कॅल्क्युलेटर याला 'उत्तम' म्हणाला असता, आणि म्हणालाच.

पहिल्याच आठवड्यात गेम खेळताना पडदा काळा झाला. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, कॅबिनेटमधून 'टक्' असा बारीक आवाज, आणि पंखे थांबले. पॉवरचं बटण दाबलं तर काही नाही. सप्लायच्या मागचा खटका बंद करून थोडा वेळ थांबलो, परत चालू केला, तेव्हा कुठे मशीन उठलं. विंडोजच्या नोंदीत 'कर्नल-पॉवर ४१' दिसत होतं. ही नोंद नीट समजून घ्या: पीसी रीतसर बंद न होता गेला, एवढंच ती सांगते. का गेला, हे सांगत नाही. मी मात्र तिच्यावरून रॅमवर संशय घेतला, एकेक काडी काढून पाहिली. ड्रायव्हर पुसून नव्याने टाकले, विंडोजही टाकलं. तीन आठवडे यात गेले.

सगळ्यात जास्त चकवलं ते स्ट्रेस टेस्टने, म्हणजे पार्टवर मुद्दाम पूर्ण ताण टाकणाऱ्या प्रोग्रामने. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही पूर्ण ताणून तासभर चालवले, मशीन जागचं हललं नाही. भिंतीच्या प्लगला वॅटमीटर लावला, तो ५०० च्या आसपास आकडा दाखवत राहिला. म्हणून मी ठामपणे म्हणत होतो की सप्लायचा दोष नाहीच. तो निष्कर्ष साफ चुकीचा होता.

झालं असं होतं. कार्डावर लिहिलेले ३२० वॅट ही सरासरी असते. गेममध्ये कार्डावरचं काम क्षणाक्षणाला बदलतं: भिंतीकडे बघत असताना कमी, वळून मोकळ्या मैदानाकडे बघितलं की एकदम जास्त. त्या बदलाच्या क्षणी कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती, कधी त्याहूनही कमी वेळेसाठी, लिहिलेल्या आकड्याच्या दुपटीपर्यंत उसळी मारू शकतं. प्लगला लावलेला मीटर सेकंदाची सरासरी दाखवतो, त्याला ही उसळी दिसतच नाही. सप्लायच्या आतल्या संरक्षक सर्किटला दिसते. तिथे काही बिघडलं असावं असं समजून ते सर्किट सगळं तोडून टाकतं. ऐकू आलेला 'टक्' तोच. आणि स्ट्रेस टेस्टमध्ये ताण पूर्ण असला तरी एकसारखा असतो, उसळ्या फार येत नाहीत. म्हणून ती पास.

शेवटी आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे ते किती वॅट घेऊ शकेल ती मर्यादा, ७० टक्क्यांवर आणली. बंद पडणं त्याच दिवशी थांबलं. ८५० चा सप्लाय घातला, लिमिट परत १०० वर नेली, आणि ते मशीन नंतर कधी तसं गेलं नाही. तुमचा पीसी असाच गेममध्ये काळोखात जात असेल तर विंडोज पुसण्याआधी ही ७० टक्क्यांची परीक्षा करा. दहा मिनिटांचं काम आहे. लिमिट उतरवल्यावर त्रास थांबला, तर दोष सप्लायचा किंवा कार्डाला जाणाऱ्या केबलचा धरून तपास सुरू करा.

आता यावरचा हिशोब. इंटेलने २०२२ साली एटीएक्स ३.० हे नवं मानक आणलं, ते मुख्यतः या उसळ्यांसाठीच. कार्डासाठी १६ पिनांची नवी जोडणी असलेल्या, ४५० वॅटपेक्षा मोठ्या सप्लायने छापील क्षमतेच्या २०० टक्के भार १०० मायक्रोसेकंद आणि १८० टक्के भार एक मिलिसेकंद झेलला पाहिजे, न तुटता, असं त्यात लिहिलं आहे. जुन्या धाटणीच्या सप्लायवर असं बंधन नव्हतं. एक ६५० वाला उसळी पचवायचा, दुसरा ६५० वाला तोडायचा. म्हणून "माझं हेच कार्ड ६५० वर मस्त चालतंय" या सल्ल्याला काही किंमत नाही. त्याचा सप्लाय वेगळा आहे.

माझा नियम असा. सप्लाय एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा असेल तर कार्डाचा आकडा दीडपट धरा. जुना असेल तर दुप्पट. त्यात प्रोसेसरची कमाल आणि ७५ मिळवा, आणि त्याच्या वरचा बाजारात मिळणारा आकडा घ्या.

माझ्याच मशीनवर लावून बघा. जुना सप्लाय: ६४० अधिक १४२ अधिक ७५, म्हणजे ८५७. नियमाने हजाराचा यायला हवा. मी ८५० वर थांबलो ते सात वॅटसाठी, कारण गेममध्ये तो प्रोसेसर १४२ च्या जवळपासही जात नाही. एवढी सूट घ्यायला हरकत नाही, पन्नास वॅटची घेऊ नका. सप्लाय एटीएक्स ३ चा असता तर ४८० अधिक १४२ अधिक ७५, म्हणजे ६९७; ७५० चा पुरला असता. एटीएक्स ३ च्याच सप्लायवर आणखी दोन उदाहरणं. ४०७० सुपर आणि एएमडीचा १२० टीडीपीचा रायझन प्रोसेसर: ३३० अधिक १६२ अधिक ७५, म्हणजे ५६७, ६५० घ्या. ४०९० आणि १३९००के: ६७५ अधिक २५३ अधिक ७५, हजाराच्या आसपास. एनव्हिडिया या कार्डासाठी ८५० पुरेल म्हणते; असा भुकेला प्रोसेसर सोबत असेल तर मी ८५० लावणार नाही.

एक सावधगिरी. खोक्यावर 'एटीएक्स ३.० रेडी' किंवा 'पीसीआय ५ रेडी' असं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. 'रेडी'चा अर्थ कधी कधी सोबत नवी केबल टाकली आहे, एवढाच असतो. केबल उसळी झेलत नाही. माहितीपत्रकात मानकाचं पालन होतं असं स्पष्ट लिहिलंय का, ते बघा.

पायरी ५: स्टिकर वाचा

सप्लायच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यातला फक्त १२ व्होल्टचा रकाना बघा, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. समोर ५४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले ५४, म्हणजे ६४८ वॅट. ६५० चा सप्लाय खराच ६५० चा आहे. एकदा एका ओळखीच्या मुलाने आणलेल्या '६५०' च्या सप्लायवर १२ व्होल्टसमोर ३८ अँपिअर होते. म्हणजे ४५६ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवले होते, जिथे आजच्या पीसीला फारसं काही लागत नाही. असा सप्लाय ४५० चा समजायचा आणि परत करायचा.

पायरी ६: ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम

८० प्लसचा हा दर्जा म्हणजे कार्यक्षमता. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पार्टपर्यंत पोचते आणि किती उष्णता होऊन जाते, एवढंच तो सांगतो. ११५ व्होल्टवर अर्ध्या भाराला ब्राँझ ८५ टक्के, गोल्ड ९० टक्के. संरक्षक सर्किट कसं आहे, उसळी पचते का, हे त्यात येत नाही.

यावरून पसरलेले दोन गैरसमज मला फार खटकतात. "९० टक्के म्हणजे ६५० तून ५८५ च मिळणार" हा पहिला. चूक. छापील वॅट हे पार्टना मिळणारे वॅट असतात. ६५० द्यायला तो भिंतीतून साधारण ७२० घेईल. दुसरा, "मोठा सप्लाय घेतला की बिल वाढतं." तेही चूक. हजार वॅटचा सप्लाय हजार वॅट ओढत बसत नाही, पीसीला लागतील तेवढेच आणि वरची थोडी गळती, एवढंच. म्हणून एक पायरी मोठा घ्यायला भिऊ नका. दोन-तीन पायऱ्या मोठा घेण्यात मात्र काही हशील नाही. ते पैसे त्याच वॅटच्या चांगल्या सप्लायला घाला.

पायरी ७: केबल

कार्डाला आठ पिनांचे दोन सॉकेट असतील तर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलच्या टोकाला दोन तोंडं असतात, ती दोन्ही एका मोठ्या कार्डाला लावू नका. आठ पिनांचं एक तोंड १५० वॅटचं आणि मदरबोर्डचा स्लॉट ७५ चा धरलेला असतो. ३०० च्या वरच्या कार्डाचा सगळा भार एका केबलवर टाकला की ती तापते, व्होल्टेज खाली येतं आणि बंद पडण्याचं आणखी एक कारण तयार होतं. १६ पिनांची जोडणी असेल तर ती शेवटपर्यंत आत गेली आहे हे टॉर्च मारून डोळ्यांनी बघा. कार्ड आणि प्लग यांच्यात फट दिसता कामा नये, आणि प्लगच्या लगेच मागे केबल मुरडू नका.

आणि हे कृपा करून पाळा: जुन्या सप्लायच्या सुट्या केबल नव्या सप्लायला लावू नका. पार्टकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, सप्लायकडच्या टोकाचं कुठलंही मानक नाही. कंपनी तीच असली तरी मॉडेल बदललं की तारांची जागा बदलू शकते. केबल गुपचूप बसते, आणि चालू करताच पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन डिस्क मरते. मी एकाची चार टेराबाइटची डिस्क अशी गेलेली पाहिली आहे, घरच्या सगळ्या फोटोंसकट. सप्लाय बदलला की सगळ्या केबल बदला, कॅबिनेटमधून ओवून नीट बांधलेल्या असल्या तरी.

पायरी ८: चालवून बघा

एकसारख्या स्ट्रेस टेस्टवर विसंबू नका. तुमच्याकडचा सगळ्यात जड गेम काढा, व्हीसिंक आणि फ्रेम लिमिट (कार्डाचा वेग अडवून धरणाऱ्या सेटिंग) बंद करा, आणि तासभर खेळा. मधे मधे मेनूत जा, परत या, नवा टप्पा लोड करा. भार एकदम चढतो-उतरतो तो अशाच वेळी. परतीची मुदत संपायच्या आत हे दोन-तीन वेळा करा. एकदा जरी पीसी 'टक्' होऊन गेला, तर आधी केबल काढून परत बसवा. पुन्हा गेला, तर सप्लाय बदलून घ्या.