आरए आहे आणि घरही चालवायचंय? मग हे वाचा

आरए म्हणजे आमवात, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आजीची गुडघेदुखी वेगळी, हे वेगळं. यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते, त्यामुळे नुसतं दुखत नाही तर अंगातला जीवच गेल्यासारखं वाटतं, आणि तो थकवा आजाराचाच भाग आहे, त्याला आळस म्हणणाऱ्यांना सरळ सांगायचं. थकवा फारच वाटत असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या, यासोबत ते पण निघू शकतं.

पहिली गोष्ट, बरं वाटतंय त्या दिवशी स्वतःवर लक्ष ठेवा. दुखतं तेव्हा आपण गप पडतोच, पण एखाद्या दिवशी हात हलका वाटला की आपण माळा काढतो, पडदे धुतो, डबे घासतो आणि मग पुढचे दोन दिवस चहाचा कपही उचलवत नाही. म्हणून त्या दिवशी एकच जास्तीचं काम, आणि दमायच्या आधी थांबायचं, अर्धा माळा तसाच पडला तरी पडू दे.

सकाळी बोटं आखडलेली असतात, तास-दीड तास तर जातोच बऱ्याच जणींचा, त्यामुळे सकाळच्या डब्याची तयारी रात्रीच. भाजी चिरून, डाळ-तांदूळ काढून, कुकर ओट्यावर. उठल्यावर आधी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू उघडमीट करा, मग गॅसकडे जा.

आता स्वयंपाकघर, कारण खरी वाट तिथेच लागते. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवाच, फोडणी बसून देता येते, कोणी हसलं तर हसू दे. पाच लिटरचा कुकर वर ठेवून द्या आणि तीन लिटरचा वापरा. भरलेलं पातेलं नळाखालून उचलून आणायचं नाही, रिकामं पातेलं गॅसवर ठेवायचं आणि तांब्याने पाणी ओतायचं. जे उचलायचं ते दोन्ही हातांनी, तळव्यावर वजन घेऊन, बोटांच्या चिमटीत नाही. पिशवी बोटांत लटकवण्यापेक्षा खांद्याला बरी. बरणीचं झाकण घट्ट बसलं असेल तर खाली ओला फडका ठेवा आणि वरून रबरी हातमोजा घालून तळव्याने फिरवा, आणि पुढच्या वेळी ते झाकण घट्ट लावणाऱ्यालाच उघडायला सांगा.

कणीक मळणं आणि भाकरी थापणं मनगटाला सगळ्यात वाईट. फूड प्रोसेसर असेल तर कणीक त्यात, नाहीतर पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणा, त्यात लाज कसली. अगदीच नको त्या दिवशी धिरडी, बेसनाची नाहीतर मुगाची, मळायचं नाही लाटायचं नाही, डावाने ओतलं की झालं. मऊ खिचडी, मेतकूट-भात हे पण पोटभरीचंच जेवण आहे. ओलं वाटण जास्तीचं करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, लागेल तेवढ्या वड्या काढा. मेथी निवडायची तर पेपर पसरून टीव्हीसमोर, आणि घरातल्या दुसऱ्या कोणालातरी समोर बसवून.

कपडे पिळायचे नाहीत, कधीच नाही. मशीन नसेल तर नळावर टांगून निथळू द्या. उंच दोरीपेक्षा खाली उभा राहणारा स्टँड बरा. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल आणि छोटा मग.

घरच्यांना "जरा मदत करा" म्हणू नका, त्याचा काही उपयोग होत नाही, माझा अनुभव आहे. अख्खं काम द्या: दूध आणणं-तापवणं-भांडं घासणं तुझं. मग ते त्यांच्या पद्धतीने करतील, उतू जाईल, तिकडे बघायचं नाही.

औषधाचं मात्र नीट वाचा. मेथोट्रेक्सेट बहुतेकांना असतं आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा आणि कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकोनात लाल पेनाने खूण करा, गोळी घेतली की काट मारा, म्हणजे "घेतली का नाही" असा घोळ नको. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी. रक्ताच्या तपासण्या टाळू नका. ताप आला, तोंडात फोड आले, दम लागायला लागला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच फोन करा. मुलाचा विचार असेल तर गोळी चालू असताना नाही, आधी डॉक्टरांशी बोला.

आणि सणवार. गणपतीला उकडीचे मोदक हाताने वळलेच पाहिजेत असं काही नाही, ऑर्डर द्या. फक्त लवकर द्या, चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात मोदकवाल्या काकू फोनच उचलत नाहीत.