गनमॅनच्या नोकरीला मुंबईत येणाऱ्या माजी सैनिकांसाठी

सातारा, सांगली, कोल्हापूरकडचा आपला माणूस पलटणीतून निवृत्त होऊन मुंबईत आला की बहुतेक एकाच कामाला लागतो: बँकेच्या दारात, सराफी पेढीवर नाहीतर कॅश व्हॅनवर गनमॅन. मीही तसाच आलो आणि इथलाच झालो. खोली, मेस, लोकलचा पास हे कोणीही सांगेल. मला हत्याराबद्दल बोलायचंय, कारण तिथे पाय घसरला तर मागचं सगळं घर उघड्यावर येतं.

पलटणीत एके-४७ किंवा इन्सास रायफल रोज हातात असायची, पण ती सरकारची. वर्दी उतरली की तो अधिकार संपला. ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, असं हत्यार १९५९ च्या शस्त्र कायद्यात निषिद्ध आहे. केंद्र सरकारच्या खास मंजुरीशिवाय ते कुणालाच बाळगता येत नाही. शेठची ओळख वरपर्यंत आहे म्हणून काही फरक पडत नाही. संजय दत्त आठवा. १९९३ साली त्याने एके-५६ जवळ ठेवली; घरच्यांच्या जिवाला धोका होता, असं त्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ५ वर्षांची शिक्षा दिली, कारण त्या कलमात त्याहून कमी शिक्षाच नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आता ती किमान ७ वर्षं आहे, जास्तीत जास्त १४. तेव्हा 'दोन दिवस खोलीवर ठेव, मग नेतो' म्हणत कोणी गुंडाळलेलं काही पुढे केलं, तर हातही लावू नका. देणारा गाववाला असो की पाहुण्यातला.

ट्रंकेच्या तळाशी रेंजवरचं एखादं जिवंत काडतूस आठवण म्हणून पडलं असेल, तर तेही आजच बघा. परवान्याशिवाय नुसतं काडतूस बाळगणंसुद्धा गुन्हाच आहे. विमानतळावर बॅग स्कॅनरमधून गेली की ते सुटत नाही.

आता तुमची स्वतःची बारा बोअर बंदूक. ती घेऊन निघण्याआधी लायसन उघडून नीट वाचा: क्षेत्र जिल्ह्यापुरतं आहे, राज्यभर की सगळ्या भारतासाठी? कारण काय लिहिलंय? मुदत कधी संपते? यूआयएन, म्हणजे प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पडलाय का? गावाकडे लायसन जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं, मुंबईत पोलीस आयुक्तांकडून. नालासोपाऱ्यात खोली घेतलीत तर मात्र मुंबईचं नाही, मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालय लागतं. ही चूक नवी माणसं हमखास करतात. पत्ता बदलला की तसं लेखी कळवा आणि पोच घ्या.

एजन्सीने तिची बंदूक हातात दिली, तर लायसनवर रिटेनर, म्हणजे परवानाधारकाच्या वतीने हत्यार बाळगणारा, म्हणून तुमचं नाव चढलंय का, हे विचारा. सुपरवायझर म्हणेल, 'कागद ऑफिसात आहेत, तू ड्युटीवर उभा राहा.' उभं राहू नका. नाकाबंदीत कागद तुमच्याकडे मागतात, सुपरवायझरकडे नाही. भाड्याचा हप्ता अंगावर असताना नाही म्हणणं किती जड जातं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही नाहीच म्हणा. कागद नीट ठेवणाऱ्या एजन्सी मुंबईत आहेत, आठवडाभर जास्त फिरावं लागेल इतकंच.

सुट्टीला जाताना बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवून पावती घ्या. गावी न्यायचीच असेल, तर यात्रेत किंवा वरातीत कुणाच्या आग्रहाखातर बार काढू नका. त्यालाही आता २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.