एअर रायफलसाठी पेलेटची बॅच कशी निवडावी

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. ४.५ मिलिमीटरच्या पेलेटची (शिशाच्या छोट्या गोळीची) कड त्याला शिवली तरी दहा गुण मिळतात. मात्र दशांश गुणांकनात १०.२ आणि १०.८ यांच्यात जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक असतो. नेमबाजाचा हात स्थिर असूनही हा दीड मिलिमीटर पेलेटमुळे हातचा जाऊ शकतो, म्हणून बॅचची (एकाच वेळी बनवलेल्या पेलेटच्या गटाची) चाचणी मी सरावाइतकीच महत्त्वाची मानतो.

चाचणीसाठी सपाट तोंडाचेच पेलेट घ्यावेत, कारण ते कागदाला स्वच्छ गोल छिद्र पाडतात. डब्यावर ४.४९, ४.५० असे डोक्याचे माप छापलेले असते, परंतु कोणते माप चांगले हे केवळ आकड्यावरून ठरत नाही; आपल्या बॅरलला जे मानवते तेच चांगले. एकाच नावाच्या दोन बॅचही वेगळ्या वागतात, त्यामुळे डब्यावरील बॅच क्रमांक आधी टिपून ठेवावा.

रायफल व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) पक्की बसवावी, पण पकड बॅरलवर येऊ देऊ नये. बॅच बदलल्यावर पहिले काही शॉट मोजणीत धरू नयेत, कारण बॅरलमध्ये आधीच्या पेलेटच्या शिशाचा व तेलाचा थर राहिलेला असतो. त्यानंतर प्रत्येक ग्रुपसाठी (छिद्रांच्या पुंजक्यासाठी) नवे कार्ड लावून १० शॉट मारावेत, आणि सर्व बॅच आलटूनपालटून तपासून प्रत्येक बॅचचे असे किमान तीन ग्रुप घ्यावेत. पाच शॉटचा एखादा सुंदर ग्रुप निव्वळ योगायोगानेही जमतो, आणि नवशिके नेमके त्याच्याच मोहात पडतात. रायफलच्या हवेच्या सिलिंडरमधील दाब चाचणीभर पुरेसा असावा, अन्यथा वेग घटल्याचा दोष पेलेटच्या माथी बसतो.

ग्रुपच्या सर्वांत दूरच्या बाहेरील कडांमधील अंतर कॅलिपरने मोजून त्यातून ४.५ वजा केले की शॉटच्या केंद्रांमधील अंतर मिळते. निवड करताना सर्वांत लहान ग्रुपला नव्हे, तर ज्या बॅचचा सर्वांत वाईट ग्रुपही लहान आहे तिला पसंती द्यावी, कारण स्पर्धेत ६० शॉट मारायचे असतात.

व्हाइसमध्येही रायफलचे तोंड सतत टार्गेटकडेच असावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. पसंत पडलेल्या बॅचचे डबे एकदमच घ्यावेत व ते आपटू देऊ नयेत. मऊ शिशाची मागची कड किंचित जरी चेपली, तरी तो पेलेट सरावासाठी बाजूला काढावा.