मराठी एसएमएसचं 70 चिन्हांचं गणित: दुकानाचे मेसेज ग्राहकाला नकोसे न होता कसे पाठवावेत

चष्म्याचं दुकान घ्या. ग्राहकाला पाठवायचे मेसेज मुळात तीनच. ‘तुमचा चष्मा तयार आहे’, ‘डोळे तपासून वर्ष झालं’ आणि ‘फ्रेमवर 20 टक्के सूट’. पहिल्याची ग्राहक वाटच बघत असतो. दुसरा आला की ‘बरं झालं, आठवण केली’ म्हणतो. तिसरा बहुतेकदा न वाचताच उडवला जातो. तरीही बल्क एसएमएस घेतला जातो तो तिसऱ्यासाठीच. विकणाराही तेच विकतो: लाखाचं पॅक, वर मोबाइल नंबरांची यादी फुकट. ती यादी फुकट मिळाली तरी घेऊ नका. त्या यादीतल्या एकानेही तुम्हाला नंबर दिलेला नाही, आणि तक्रार झाली तर ती यादी देणाऱ्यावर होत नाही, तुमच्यावर होते.

नोंदणी

हे काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. व्यावसायिक एसएमएस ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमावलीखाली येतात. त्यासाठी कोणत्याही एका टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर, म्हणजे अशा मेसेजच्या नोंदणीच्या वेबसाइटवर, ‘प्रिन्सिपल एंटिटी’ (ज्याच्या नावाने मेसेज जातात तो व्यवसाय) म्हणून नोंदणी करा. पॅन, जीएसटी किंवा उद्यम प्रमाणपत्र आणि सहीचं अधिकारपत्र पुरतं. मग हेडर, म्हणजे मेसेजवर पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारं नाव, घ्या. प्रमोशनल म्हणजे जाहिरातीच्या मेसेजसाठी सहा आकडी आणि बाकीच्यांसाठी सहा इंग्रजी अक्षरांचा, दुकानाच्या नावाशी जुळणारा. शेवटी पोर्टलवर बल्क एसएमएसच्या पुरवठादाराला साखळीत जोडा. ही जोडणी राहिली की बाकी सगळं बरोबर असूनही मेसेज जात नाही, आणि पुरवठादार ‘सर्व्हर डाऊन आहे’ सांगत बसतो.

स्वतःच्या सिमवरून ग्राहकांना ढीगभर मेसेज सोडण्याचा शॉर्टकट मात्र डोक्यातून काढून टाका. फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनंतर 10 दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी नोंदणी नसलेल्यावर कारवाई होते. पहिल्या वेळी 15 दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा केलंत तर वर्षभर सगळेच नंबर बंद. त्यात दुकानाचा नंबरही आला, जो बाहेरच्या पाटीवर रंगवलेला आहे.

यादी आणि परवानगी

बिल करताना ग्राहकाने नंबर दिला म्हणजे जाहिरातीला होकार दिला, असं होत नाही. तो नंबर चष्मा तयार झाल्याचं कळवायला दिलेला असतो. त्यामुळे पावतीवर दोन वेगळे चौकोन छापा: ‘वर्षाने तपासणीची आठवण करावी’ आणि ‘सवलतींची माहिती पाठवावी’. दोन्ही कोरे, टिक ग्राहकाने स्वतः करायची. तारीख आणि सही त्याच पावतीवर. पहिल्या चौकोनाला बहुतेक जण टिक करतात, दुसऱ्याला थोडेच. तेवढेच तुमचे खरे ग्राहक. संख्या कमी दिसते म्हणून काउंटरवरच्या मुलाला ‘दोन्हीकडे तूच टिक कर’ असं सांगितलंत, तर या सगळ्या उपद्व्यापाला अर्थ राहत नाही.

होकाराचा मजकूरही डीएलटीवर ‘कन्सेंट टेम्पलेट’ म्हणून नोंदवावा लागतो. पावतीवर जे छापलंय तेच वाक्य तिथे टाका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात एक साधी अट आहे: होकार देणं जितकं सोपं, तितकंच तो मागे घेणंही सोपं हवं. काउंटरवर टिक करून दिलेला होकार मागे घ्यायला ‘ईमेल करा’ म्हणणं त्यात बसत नाही.

जुनी यादी असेल तर तीन वर्षांत दुकानात न आलेले नंबर काढून टाका. बंद झालेला मोबाइल नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. म्हणजे तुमच्या 2019 च्या वहीतले काही नंबर आज अनोळखी माणसांकडे आहेत. त्यांना ‘तुमच्या प्रोग्रेसिव्ह लेन्सला वर्ष झालं’ असा मेसेज गेला, की तक्रार ठरलेली.

टेम्पलेट

इथे घाई करू नका. बाकीच्या पायऱ्या दोन दिवसांत उरकतात, पैसे आणि वेळ जातो तो इथे.

टेम्पलेट म्हणजे मेसेजचा आधीच मंजूर करून घेतलेला साचा. पाठवलेला प्रत्येक मेसेज टेलिकॉम कंपनीचं यंत्र या साच्याशी ताडून बघतं आणि जुळला नाही तर टाकून देतं. ही जुळणी 8 मार्च 2021 रोजी सुरू झाली तेव्हा देशभरात ओटीपी अडकले आणि ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली. यंत्राला ‘जवळजवळ तेच’ कळत नाही.

पहिली बाब वर्गाची. ‘चष्मा तयार आहे’ हा सर्व्हिस इम्प्लिसिट, कारण ग्राहकाने स्वतः दिलेल्या ऑर्डरबद्दल आहे. ‘वर्ष झालं’ हा होकार घेतलेला असेल तर सर्व्हिस एक्स्प्लिसिट, नसेल तर सरळ प्रमोशनल. सूट, ऑफर, नवीन माल हे प्रमोशनलच. इथे एक ‘हुशारी’ सर्रास सुचवली जाते: तयार झाल्याच्या मेसेजच्या शेपटीला ‘दुसऱ्या फ्रेमवर 20 टक्के’ जोडा, म्हणजे डीएनडीवाल्यांनाही (जाहिराती नकोत अशी नोंद केलेल्यांनाही) पोचतं. करू नका. असा टेम्पलेट मंजुरीतच उडू शकतो, आणि चुकून निसटला तरी ग्राहकाला हेडरच्या शेवटी ‘एस’ दिसतो. प्रमोशनलला ‘पी’, सर्व्हिसला ‘एस’, व्यवहाराला ‘टी’ आणि सरकारीला ‘जी’ ही अक्षरं आता मेसेजवरच येतात. ‘एस’खाली सेल वाचणाऱ्याला 1909 वर तक्रार करायला सात दिवस मिळतात. शिवाय एवढ्याने वाईट होतो तो तुमचा सगळ्यात चांगला मेसेज. पुढच्या वेळी ‘तयार आहे’ आलं तरी माणूस ते जाहिरात समजून उघडत नाही आणि चष्मा महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून राहतो.

दुसरी बाब चिन्हांची. मराठीत मेसेज लिहिणारे जवळजवळ सगळे इथे फसतात. इंग्रजी एसएमएसचा एक भाग 160 चिन्हांचा असतो. देवनागरीत तो 70 चा. सत्तरच्या पुढे एक चिन्ह गेलं तरी मेसेजचे दोन भाग होतात आणि मग प्रत्येक भागात 67 च मावतात, कारण उरलेली जागा भाग जोडण्याच्या खुणेला लागते. पैसे भागांप्रमाणे कापले जातात. दोन हजार ग्राहकांना 71 चिन्हांचा मेसेज म्हणजे चार हजार मेसेजचे पैसे.

आणि चिन्हं म्हणजे डोळ्यांना दिसणारी अक्षरं नव्हेत. ‘चष्मा’ दोन अक्षरी दिसतो, मोजणीत पाच: च, ष, हलन्त, म, काना. ‘ग्राहक’ सहा. ‘डोळ्यांची’ नऊ. जोडाक्षर, मात्रा, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. आता आपल्या लाडक्या सुरुवातीचा हिशेब बघा: ‘सर्व सन्माननीय ग्राहकांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!’ हे 54 झाले. काय सांगायचंय ते अजून सुरूही झालेलं नाही, आणि उरले 16. याउलट ‘तुमचा चष्मा तयार आहे. पावती दाखवून न्या.’ यात रिकाम्या जागा धरून 40 चिन्हं होतात. दुकानाचं नाव आणि पावतीचा नंबर टाकायला 30 शिल्लक. ‘डोळे तपासून वर्ष झालं. वेळ घ्यायला फोन करा’ 42 मध्ये बसतं. त्यापुढे अपूर्णविराम (:), एक रिकामी जागा आणि दहा आकडी नंबर टाकला की 54, आणि नावाला 16. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर दुकानात आलेल्याला तोंडी द्या.

दुकानाचं नाव मजकुरात असलंच पाहिजे. एकतर टेम्पलेट त्याशिवाय अडतो. दुसरं म्हणजे नुसत्या हेडरवरून मेसेज कोणाचा ते घरातल्या आजोबांना कळत नाही, आणि कळलं नाही की तो फसवणुकीचा वाटतो.

इंग्रजीत पाठवणाऱ्यांसाठी एक सापळा वेगळाच आहे. रुपयाचं चिन्ह एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात नाही. ते एकदा जरी टाकलं तरी अख्खा इंग्रजी मेसेज 160 वरून 70 वर येतो. वळलेली अवतरणचिन्हं आणि लांब डॅशही तेच करतात, आणि वर्डमधून कॉपी केलं की हे दोन्ही न विचारता येतात. इंग्रजी मेसेजमध्ये रुपये ‘आर’ आणि ‘एस’ या अक्षरांनी लिहा, अवतरण सरळ ठेवा. रोमन लिपीतलं मराठी स्वस्त पडतं हे खरं, पण ‘चष्मा’चा रोमन अवतार वाचताना ज्येष्ठ ग्राहक अडखळतो, आणि चष्म्याच्या दुकानाचा ग्राहक बहुतेकदा तोच असतो. मराठी ग्राहकाला देवनागरीच पाठवा, फक्त छोटं लिहा.

तिसरी बाब बदलणाऱ्या जागांची. नाव, पावती क्रमांक, तारीख यांच्या जागी टेम्पलेटमध्ये व्हेरिएबल टाकतात. एका व्हेरिएबलमध्ये ठरावीक चिन्हांपर्यंतच मजकूर चालतो, आणि इथेही मोजणी तीच. दोन नावं आणि आडनाव देवनागरीत लिहिलं की ती मर्यादा उलटू शकते. तेवढ्याच ग्राहकांचे मेसेज पडतात, बाकीच्यांचे जातात, आणि का ते कळायला आठवडा लागतो. उपाय सोपा: नाव टाकूच नका. ‘प्रिय’ने सुरू झालेल्या मेसेजने कोणी जवळचा होत नाही. पावती क्रमांक पुरे. नोव्हेंबर 2025 च्या ट्रायच्या आदेशानंतर व्हेरिएबल कशाचं आहे, आकड्याचं, लिंकचं की फोन नंबरचं, हेही टेम्पलेटमध्येच खुणेने सांगायचं आहे. जुने टेम्पलेट त्यासाठी उघडून बघा. मेसेजमध्ये लिंक किंवा फोन नंबर येणार असेल तर तोही पोर्टलवर आधी मान्य करून घ्या. लिंक छोटी करणाऱ्या फुकट सेवांच्या नादी लागू नका.

चौथी बाब दिसत नाही म्हणून सगळ्यात त्रासदायक. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरतात, काही साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते वेगळे मजकूर आहेत. टेम्पलेट ऑफिसच्या संगणकावर नोंदवला आणि मेसेज मोबाइलवर पुन्हा टाइप केला, की ‘टेम्पलेट जुळत नाही’ असा शेरा येतो आणि माणूस शुद्धलेखन तपासत बसतो. वाक्याच्या शेवटी पडलेली जादा रिकामी जागा आणि मधला एंटरही असाच घोळ घालतात. म्हणून मंजूर झालेला मजकूर पोर्टलवरूनच कॉपी करायचा आणि तसाच पुरवठादाराच्या पॅनलमध्ये चिकटवायचा. पुन्हा टाइप कधीच करायचा नाही. आणि जमेल तिथे ऱ्याचे शब्द टाळायचे: ‘दुसऱ्या दिवशी’ऐवजी ‘उद्या’.

चाचणी

जिओ, एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल अशा चारही सिमवर पाठवा, आणि एक बटणांचा जुना फोनही मिळवा. काही जुन्या हँडसेटवर देवनागरीच्या जागी चौकोन येतात. तुमच्या ग्राहकांत असे फोन बरेच असतील तर त्या नंबरांसाठी वेगळा इंग्रजी टेम्पलेट मंजूर करून ठेवा.

वेळ आणि वारंवारता

प्रमोशनल मेसेज सकाळी 10 ते रात्री 9 मध्येच. ‘चष्मा तयार आहे’ केव्हाही चालतो, पण दुकान बंद झाल्यावर पाठवून उपयोग काय? चष्म्यासारख्या वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूला वर्षात दोन प्रमोशनल मेसेज पुष्कळ झाले. किराणा किंवा फराळाच्या दुकानाचं गणित वेगळं, पण महिन्याला चार म्हणजे तिथेही अती.

पाठवल्यानंतर

पॅनलवर ‘सबमिटेड’ दिसलं म्हणजे पोचलं असं नव्हे. ‘डिलिव्हर्ड’चा आकडा बघा आणि न पोचलेल्यांची कारणं वेगळी काढा. फोन बंद असणं, डीएनडीने अडवणं आणि टेम्पलेट न जुळणं ही तीन वेगळी दुखणी आहेत. ‘पुन्हा पाठवा’ बटण दाबून त्यातलं फार तर पहिलंच बरं होतं.

प्रमोशनल मेसेजमध्ये नको असल्यास बंद करायचा मार्ग द्यावाच लागतो. त्याची चिन्हंही आधीच धरा. मराठीत असा मेसेज सहसा दोन भागांचा होतो, तेव्हा खर्च 134 चिन्हांच्या हिशेबाने मांडा. पण मोबाइलवरून ‘बंद’ करणारे थोडे. बहुतेक जण काउंटरवर उभं राहून म्हणतात, ‘ते मेसेज तेवढे बंद करा हो.’ तो नंबर त्याच क्षणी एका वहीत लिहायचा आणि त्याच संध्याकाळी यादीतून काढायचा. ही वही दुकानाची, पुरवठादाराची नव्हे. पुरवठादार बदलताना सगळे हेडर आणि टेम्पलेट आठवणीने सोबत नेतात आणि नको म्हणालेल्यांची यादी जुन्या पॅनलमध्येच राहते. मग नव्या पॅनलवरून पहिला मेसेज जातो तो नेमका त्याच माणसांना.