पाब्लो कासाल्स कसे ऐकावेत: ध्वनिमुद्रणांच्या क्रमाने एका सेलोवादकाचे आयुष्य

पाब्लो कासाल्स (१८७६–१९७३) या कातालान (स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील) सेलोवादकाचे (सेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले, मोठ्या आकाराचे, खर्जाचे वाद्य) आयुष्य समजून घ्यायचे असेल, तर चरित्र वाचण्याआधी त्यांनी वाजवलेले जर्मन संगीतकार बाखचे सहा सेलो सुइट (सुइट म्हणजे नृत्यप्रकारांवर बेतलेल्या तुकड्यांची मालिका) ऐकायला घ्यावेत, आणि तेही एक ते सहा अशा क्रमाने नव्हे, तर ज्या क्रमाने ते ध्वनिमुद्रित झाले त्या क्रमाने. दुसरा आणि तिसरा सुइट नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत मुद्रित झाला, पहिला आणि सहावा जून १९३८ मध्ये पॅरिसमध्ये, तर चौथा आणि पाचवा जून १९३९ मध्ये पुन्हा पॅरिसमध्येच. स्पेनचे यादवी युद्ध जुलै १९३६ मध्ये पेटले आणि जानेवारी १९३९ मध्ये कातालोनियाची राजधानी बार्सिलोना बंडखोर सेनानी फ्रँकोच्या सैन्याच्या हाती गेली, हे ध्यानात ठेवले की या तीन जोड्यांमधले अंतर केवळ ध्वनिमुद्रण कंपनीच्या वेळापत्रकाचे राहत नाही. पहिल्या जोडीच्या वेळी हा कलावंत युद्धात सापडलेल्या देशाचा नागरिक होता आणि शेवटच्या जोडीच्या वेळी निर्वासित. मात्र प्रत्येक स्वरात दुःख शोधत बसू नये, कारण हे वादन युद्धाच्या कितीतरी आधी घडलेले होते.

ते कसे घडले, हे पुढच्या पायरीवर पाहावे. १८९० मध्ये, तेरा वर्षांच्या वयात, बार्सिलोनातील जुन्या स्वरलिपींच्या एका दुकानात कासाल्स यांना या सुइटची प्रत मिळाली. त्या काळी हे संगीत मुख्यतः सरावाचे धडे म्हणून ओळखले जाई आणि मैफलीत वाजवलाच तर त्यातला एखादा भागच वाजवला जाई. सुमारे बारा वर्षे रियाज केल्यावरच त्यांनी अखंड सुइट लोकांसमोर मांडला, आणि ध्वनिमुद्रणाला होकार दिला तेव्हा ते साठीला टेकले होते. आजचा तरुण वादक विशी-पंचविशीतच सहाही सुइट मुद्रित करतो. त्यात गैर काही नाही, पण कासाल्स यांची मुद्रणे ऐकताना मागची पंचेचाळीस-पन्नास वर्षे हिशेबात धरावीच लागतात.

मराठी श्रोत्याला इथे एक सोय आहे आणि एक अडचणही. साथीशिवायची एकच स्वररेषा दीर्घकाळ ऐकण्याची आपल्याला सवय असते, ही सोय. पण आपला कान तानपुऱ्याच्या षड्जाचा आधार शोधतो आणि बाख तो आधार सतत हलवत राहतो, ही अडचण. म्हणून पहिल्या सुइटच्या प्रेल्यूडपासून (सुरुवातीच्या तुकड्यापासून) कानाला वळण लावावे: सुरुवातीच्या चार बारांत (तालाच्या ठरावीक मापांत) तळाचा स्वर तोच राहतो आणि वरचे स्वर बदलतात, पाचव्या बारपासून तळाचा स्वरही सरकतो, तो क्षण पकडावा. मग पाचव्या सुइटमधील साराबांदकडे, म्हणजे संथ लयीच्या नृत्यतुकड्याकडे, वळावे. त्यात एकही जोडस्वर (एकाच वेळी वाजणारे दोन स्वर) नाही, फक्त एकेक स्वर येतो, आणि तरीही खालचा आधार मनात ऐकू येत राहतो. हे जमले की बाकीचे आपोआप उलगडते.

त्यानंतर वादकाच्या हातांकडे लक्ष द्यावे. जुन्या पद्धतीत उजवे कोपर शरीराला चिकटवून ठेवण्याची शिस्त होती आणि विद्यार्थ्यांना काखेत पुस्तक धरून वाजवायला लावत. कासाल्स यांनी तो हात मोकळा केला. डाव्या हाताची बोटे ताणून त्यांनी पंजा वारंवार वरखाली सरकवणे टाळले, त्यामुळे अनावश्यक घसरण गेली आणि जिथे ते मुद्दाम स्वरावरून स्वरावर घसरत जातात, तिथे ती मींड अर्थपूर्ण वाटते. निषादासारखा वर जाऊ पाहणारा स्वर ते षड्जाच्या किंचित जवळ ओढून घेतात. पियानोच्या सुरांनी कान घडलेल्याला तो चढा वाटेल, आपल्याला वाटू नये.

प्रत निवडताना खरखर पुरती पुसून काढलेली आवृत्ती शक्यतो घेऊ नये; मुद्रणे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची आहेत आणि खरखरीबरोबर गजाचा तारेवरचा कणखर स्पर्शही पुसला जातो. शोध घेताना ‘पाउ कासाल्स’ या कातालान नावानेही पाहावे.

दुसऱ्या महायुद्धानंतरची मौनाची वर्षे ऐकता येत नाहीत, ती वाचावी लागतात. दोस्त राष्ट्रांनी फ्रँकोची राजवट तशीच राहू दिली, म्हणून कासाल्स यांनी निषेधार्थ जाहीर वादन थांबवले आणि पिरेनीजच्या फ्रेंच बाजूला प्राद या लहान गावी ते राहिले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, कारण ते वाजवू शकत असताना त्यांनी नकार दिला. १९५० मध्ये बाखच्या द्विशताब्दी स्मृतिवर्षानिमित्त इतर वादकच प्रादला जमले आणि तिथे महोत्सव सुरू झाला.

शेवटी १३ नोव्हेंबर १९६१ रोजी व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यासमोर झालेल्या मैफलीचे मुद्रण ऐकावे. कासाल्स तेव्हा पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावर होते. याच वास्तूत १९०४ मध्ये त्यांनी तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर वाजवले होते. ‘पक्ष्यांचे गाणे’ ही कातालान लोकधून १९६१ च्या मुद्रणात आहे, आणि वाजवताना त्यांच्या कण्हण्याचा आवाजही त्यात उतरला आहे. तो दोष समजू नये. लगेच १९३६ चा दुसरा सुइट पुन्हा लावावा आणि गजाचा जोर कुठे ओसरला आहे, वाक्यरचना मात्र कुठे तशीच आहे, हे ताडून पाहावे.