मार्चमधे गुलमर्गला स्कीइंग शिकायचंय? आधी बर्फाचं टाइमटेबल समजून घ्या

आपल्याकडं ज्वारी-हरभरा निघाला, ऊन चाळिशीकडं सरकायलं की लई जण विचारायलेत, आता काश्मिरात बर्फ असतो का, आणि नवख्या माणसाला स्कीइंग जमंल का. जमतं. गुलमर्ग २६५० मीटरवर आहे, मार्चमधे थंडी सुसह्य असते, दिवस मोठा असतो आणि शिकायला हेच दिवस मला सगळ्यात चांगले वाटतात. फक्त दरवर्षी बर्फ सारखा नसतो, म्हणून पैसे भरायच्या आधी हॉटेलवाल्याला त्याच दिवशीचा उताराचा व्हिडिओ मागवा.

जायचं कसं, तर नांदेडहून सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, संभाजीनगर करत दिल्लीला जाते. तिथून श्रीनगरला विमान, नाहीतर कटऱ्यापर्यंत ट्रेन आणि पुढं जून २०२५ पासून सुरू झालेली वंदे भारत. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. आणि हो, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, घरातलं एखादं पोस्टपेड सोबत घ्या.

आता मुख्य गोष्ट. मार्चचा बर्फ दिवसा उन्हानं वितळतो आणि रात्री परत गोठतो, त्यामुळं सकाळी उतार काचेगत कडक असतो, स्की घसरते आणि नवीन माणूस आपटतो, मग ऊन चढलं की वरचा थर सुटा आणि मऊ होतो, तेव्हा स्की हवी तिथं वळते, पडलं तरी लागत नाही, शिकायचे हेच ते दोन-तीन तास. दुपारनंतर पाणी पाणी होतं, स्की रुतते, गुडघा पिरगळायची भीती तेव्हाच जास्त. म्हणून स्कीइंग शिकवणाऱ्या मास्तरला सकाळी उजाडताच नका बोलवू, कडकपणा मोडल्यावर बोलवा आणि चिखल झाला की थांबा, पैसे वसूल करायला संध्याकाळपर्यंत ताणू नका.

मास्तर मात्र घ्याच. केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था गुलमर्गलाच आहे, तिथले कोर्स निघतात, जागा मिळाली तर उत्तम.

सामान भाड्यानं मिळतं, पण बुटाला वेळ द्या. मोजा एकच, तोही पातळ आणि लांब, दोन मोजे घातले की पाय आत हलतो आणि रक्त अडून उलट गार पडतो. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की थोडी मागं सरकली पाहिजेत आणि टाच अजिबात उचलली नाही पाहिजे. स्की उभी धरली की हनुवटी ते नाकाच्या मधे येईल एवढी बास. वजन खरं सांगा, कारण पडल्यावर बूट स्कीतून कधी सुटायचा हे त्यावरच सेट करतात.

उतारावर पहिले दोन दिवस एकच काम: स्कीची पुढची टोकं जवळ, मागच्या शेपट्या एकमेकींपासून लांब, आणि थांबणं. थांबता आलं की वळणं येतं. भीती वाटली की अंग आपोआप मागं जातं, तिथंच ताबा सुटतो, नडगी बुटाच्या जिभेवर दाबून ठेवा. पडायचंच तर बाजूला, कुल्ह्यावर. आणि खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला, वरून येणाऱ्यानंच त्याला चुकवायचं.

गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा साधारण ३९५० मीटरपर्यंत नेतो. बघायला जरूर जा, पण नवख्यानं तिथून स्कीवर उतरायचं नाही. हिमस्खलनाचा धोका असतो, फेब्रुवारी २०२३ मधे तिथल्याच अफरवट डोंगराच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर त्यातच गेले. ताजा बर्फ पडल्यावर किंवा अचानक ऊन तापल्यावर तर जास्तच. दोरी लावून बंद केलेल्या भागात कुणी कितीही आग्रह केला तरी पाय टाकू नका.

आपण उन्हातली माणसं म्हणून क्रीम नको म्हणू नका. ताजा बर्फ बरंच ऊन परत फेकतो, नाकाच्या खाली, हनुवटीखाली, कानांवर पण लावा. गॉगल यूव्हीवाला पाहिजे, नाहीतर रात्री डोळ्यात वाळू गेल्यागत होतं.

निघायच्या महिनाभर आधी भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यागत बसायची सवय करा, संभाजीनगरवाल्यांनी गोगाबाबा टेकडी चढा-उतरा, उतरणं जास्त महत्त्वाचं, मांड्या तिथंच तयार होतात. खिशात शेंगदाणा चिक्की ठेवा आणि तहान नसली तरी पाणी पित राहा.